रेषा मायकेलँजेलोची, रात्र सेबास्तियानोची

सोमवार, व्हेनिस

रियाल्टो पुलापासून चालत पाचेक मिनिटांवर सान जोव्हान्नी क्रिसोस्तोमो नावाचं छोटंसं चर्च आहे. बाहेर अरुंद गल्ली, मुखवट्यांची आणि काचेच्या मण्यांची दुकानं, बॅगा ओढत चाललेली माणसं. गर्दीच्या रेट्यात दार सहज मागे पडेल असं. आत गेलं की समोर मुख्य वेदीवर सेबास्तियानो लुचियानीचं चित्र आहे. जग त्याला सेबास्तियानो देल प्योंबो म्हणून ओळखतं, तेही ओळखलंच तर.

हा प्रवास आम्ही त्याच्यासाठी आखला होता. बरोबर माझी मोठी बहीण, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. मायकेलँजेलो, राफाएल, लिओनार्दो यांच्या मागे सगळेच जातात. पण ज्या माणसाला मायकेलँजेलोने आपली रेखाटनं आपणहून काढून दिली, ज्याला वर्षानुवर्षं मित्र मानलं आणि पुढे ज्याच्याशी बोलणंही टाकलं, त्याच्या चित्रांच्या वाटेने जावं असं आम्हा दोघांच्याही मनात बरेच दिवस होतं. वाट व्हेनिसला सुरू होते, कारण तो इथला. जन्म 1485 च्या सुमाराचा. आधी जोव्हान्नी बेल्लिनीच्या हाताखाली आणि मग जोर्जोनेच्या सहवासात तयार झालेला. ल्यूट हे तंतुवाद्य सुरेख वाजवायचा, गाण्याच्या बैठकींमुळे बड्या घरांत त्याची ऊठबस होती, असं वासारीने, म्हणजे कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराने, लिहून ठेवलंय.

वेदीवरचं हे चित्र 1510-11 च्या आसपासचं, म्हणजे पंचविशीतल्या पोराचं. मध्ये संत क्रिसोस्तोम पुस्तकात मान घालून बसलाय, आपल्याकडे बघतही नाही. वेदीवरच्या चित्रातला मुख्य संत भक्तांकडे बाजू करून आपल्या कामात गढलाय, ही त्या काळी केवढी हिंमत! डावीकडे तीन स्त्रिया आहेत. त्यातली पुढची, हातात सुगंधी तेलाचं भांडं घेतलेली मग्दालिया, सरळ आपल्यावर नजर रोखते. ताई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "चेहऱ्याची कड बघ. रेष कुठेच नाही. सावलीतून गाल वर आलाय नुसता."

व्हेनिसची चित्रकला ती हीच. आधी चित्र काढून मग त्यात रंग भरायचे असं नाही, रंगातूनच आकार उगवायचा. वासारीने आपल्या पुस्तकाच्या 1550 च्या आवृत्तीत हे चित्र जोर्जोनेच्या नावावर घातलं होतं, 1568 च्या आवृत्तीत ते सेबास्तियानोला दिलं. दुसऱ्याच्या सावलीत उभं राहायचं त्याचं नशीब इथूनच सुरू झालं म्हणायचं.

याच चर्चमध्ये उजवीकडे त्याच्या गुरूचं, म्हाताऱ्या बेल्लिनीचं 1513 चं चित्र आहे. ते लागलं तेव्हा शिष्य व्हेनिस सोडून गेलेला होता. सिएनाचा गडगंज सावकार अगोस्तिनो किजी 1511 मध्ये व्हेनिसला आला आणि परत जाताना त्याला रोमला घेऊन गेला.

मंगळवार

आगगाडीने रोम. सकाळ त्यातच गेली. संध्याकाळी त्रास्तेवेरेत खोली मिळाली, पाय मोकळे केले आणि झोपलो.

बुधवार, रोम

किजीचा बंगला म्हणजे आजचा व्हिला फार्नेसिना, त्रास्तेवेरेतच नदीकाठच्या लुंगारा रस्त्यावर. वास्तुकार बाल्दास्सारे पेरुत्सी. तळमजल्यावर बागेच्या बाजूला एक मोठी पडवी आहे. छतावर पेरुत्सीने किजीच्या जन्मवेळचं ग्रहमान रंगवलंय, म्हणजे मालकाची कुंडलीच छताला टांगलेली. तिच्या खाली कमानींच्या अर्धवर्तुळांत सेबास्तियानोने रोमन कवी ओव्हिडच्या कथा काढल्या: पंख लावलेला इकॅरस, सूर्याच्या रथातून कोसळणारा फाएथॉन. रोमला आल्या आल्या त्याला मिळालेलं हे पहिलं काम.

ओल्या गिलाव्यावर झपाट्याने रंगवायची ही तऱ्हा व्हेनिसच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. तिथल्या दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकत नाहीत, म्हणून तिथे कॅनव्हास. ते इथे जाणवतं. आकृत्या मोकळ्या आहेत, पण जरा ताटकळल्यासारख्या. मग खाली भिंतीवर त्याने एकाक्ष राक्षस पॉलिफेमस काढला, निळ्या वस्त्रातला, खडकावर बसून समुद्राकडे डोळे लावलेला. तो जिच्यासाठी झुरतोय ती गालातेया शेजारच्या चौकटीत आहे. ती काढली राफाएलने.

दोन्ही चित्रांत हातभराचं अंतर. गालातेया शिंपल्याच्या रथातून वळून वर बघतेय, लाल वस्त्र वाऱ्यावर फडफडतंय, भोवती सगळी धांदल. पुस्तकांत ती नेहमी एकटी छापतात. तिथे उभं राहिलं की कळतं, पाहणाऱ्याची नजर आपोआप तिच्याकडे जाते आणि पॉलिफेमस मागे पडतो. मालकाने एकाच भिंतीवर दोघांना लावलं आणि लोकांनी निकाल दिला. परक्या शहरात नव्याने आलेल्या माणसाला हे किती लागलं असेल! पुढे सेबास्तियानोच्या पत्रांत राफाएलबद्दल जी कडू चव आहे ती मला याच भिंतीपासून सुरू झालेली वाटते.

त्याच सुमारास मायकेलँजेलोचंही राफाएलशी बिनसलेलं होतं. सिस्टीन चॅपेलचं छत 1512 मध्ये पुरं झालं. रोममध्ये दोन तट पडले. राफाएलच्या बाजूचे म्हणत, मायकेलँजेलोचं चित्र काढणं थोर खरं, पण रंगांची गोडी आमच्या माणसाकडे. वासारी सांगतो की यावर मायकेलँजेलोने तोड काढली: सेबास्तियानोचे रंग आणि आपली रेखाटनं एकत्र आणायची, म्हणजे स्वतः आखाड्यात न उतरता राफाएलला उत्तर देता येईल. ही युती हिशेबातून झाली हे खरं. पण केवळ हिशेबातून झालेली युती इतकी वर्षं टिकत नाही, आणि तिच्यातून उद्या व्हितेर्बो गावी बघायचं आहे तसं चित्र तर निघतच नाही.

दुपारी पोर्ता सेत्तिमियाना ओलांडून जानिकोलो टेकडी चढलो. चढ दमवणारा. वर सान पिएत्रो इन मोन्तोरिओ. लोक येतात ते शेजारच्या आवारातलं ब्रामांतेचं गोल देऊळ बघायला. चर्चमध्ये आम्ही दोघं आणि जपमाळ ओढत बसलेल्या एक आजीबाई, एवढेच.

आत शिरल्यावर उजव्या हाताचं पहिलंच चॅपेल बोर्गेरिनीचं. पिएरफ्रान्चेस्को बोर्गेरिनी फ्लॉरेन्सचा सावकार. त्याने 1516 मध्ये सेबास्तियानोला काम दिलं ते मायकेलँजेलोची मदत होणार या भरवशावरच. मायकेलँजेलोने दिलीही: खांबाला बांधलेल्या ख्रिस्ताला फटके मारतानाच्या प्रसंगाची त्याची रेखाटनं आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण त्याच वर्षी तो रोम सोडून फ्लॉरेन्सला गेला, आणि ही भागीदारी पत्रांवर चालू लागली. ती पत्रं राहिली आहेत. सेबास्तियानोची पत्रं वाचताना हा माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं: कामाची प्रगती, पैशांची रड, रोममधल्या कुरबुरी, आणि मधूनच मित्राची आळवणी.

चॅपेल म्हणजे भिंतीतला एक गोलाकार कोनाडा. वरच्या अर्धघुमटात ख्रिस्ताचं रूपांतर, म्हणजे शिष्यांसमोर तो तेजाने उजळला तो प्रसंग, खाली फटक्यांचा प्रसंग. वरचं ओल्या गिलाव्यावरचं, खालचं भिंतीवर थेट तैलरंगात. लिओनार्दोने फ्लॉरेन्सला भिंतीवर तेलाने काढायला घेतलेली लढाई वाया गेली होती. सेबास्तियानोने चुन्यात राळेसारखे चिकट पदार्थ वितळवून मिसळले, त्या मिश्रणाचा थर भिंतीवर दिला आणि त्यावर रंगवलं, असं वासारी सांगतो. पाचशे वर्षांनंतर चित्र काळवंडलंय, पण भिंत सोडलेली नाही.

मधला ख्रिस्त खांबाला बांधलेला, खांदा पुढे, कमरेत पीळ. ते शरीर मायकेलँजेलोचं आहे हे सांगायला कुणी लागत नाही. मारणारे दोन्ही बाजूंनी हात उगारून वाकलेले. पण थोडं मागे सरून पाहिलं की दिसतात ते रंगवलेले खांब, आत आत जाणारं दालन, आणि त्या दालनातला अंधूक उजेड. चॅपेल जेमतेम काही पावलांचं, पण चित्रातली हवा मात्र खोलवर जाते. ताई कठड्याला टेकून म्हणाली, "मायकेलँजेलोच्या चित्रात हवा नसते रे. माणसं असतात फक्त." मी छताकडे बघत होतो. सिस्टीनचं छत आठवलं आणि तिचं म्हणणं पटलं.

काम 1524 मध्ये पुरं झालं. पहिल्यापासून धरलं तर आठेक वर्षं. वासारी त्याला सारखा आळशी म्हणतो. ज्या पद्धतीने आधी कुणालाच यश आलं नव्हतं ती भिंतीवर बसवायला वेळ लागणारच, हे त्याच्यासारख्या चित्रकाराला कळायला हवं होतं.

गुरुवार, व्हितेर्बो

व्हितेर्बोला रोमहून लोकल जाते, दोनेक तास लागतात. वाटेत ब्राच्चानोचं तळं दिसतं. पोर्ता रोमाना स्टेशनला उतरलं की समोरच गावाची तटबंदी. सगळं गाव पेपेरिनो नावाच्या करड्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं, जिने, कारंजी, घरं, सगळं एकाच रंगाचं. आपल्याकडे काळ्या पाषाणाचे घाट आणि वाडे पाहिलेल्या डोळ्यांना हे गाव पटकन जवळचं वाटतं. तेराव्या शतकात पोप इथे राहायचे. 1268 ते 1271 अशी जवळजवळ तीन वर्षं नवा पोप ठरेना, तेव्हा गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडलं, खाणंपिणं तोडलं आणि शेवटी डोक्यावरचं छप्परही काढलं. तो वाडा अजून उभा आहे. आम्ही त्याच्यासमोर पाव आणि चीज खाल्लं आणि चित्राकडे निघालो.

हे 'पिएता', मृत ख्रिस्त आणि मारिया. इथल्याच जोव्हान्नी बोतोन्ती नावाच्या धर्माधिकाऱ्याने गावातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमधल्या आपल्या चॅपेलसाठी करवून घेतलं, 1512 ते 1516 च्या दरम्यान. आज ते गावाच्या नगरपालिकेच्या संग्रहात आहे. सान फ्रान्चेस्कोवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, नंतर ते पुन्हा बांधलं. चित्र वाचलं हे आपलं भाग्य.

अडीच मीटरच्या आसपास उंचीची लाकडी फळी. आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं आहे ते सेंट पीटरमधलं संगमरवरी पिएता, मायकेलँजेलोने ऐन पंचविशीत केलेलं: तरुण आई, मांडीवर मुलाचा देह, कापडाच्या चुण्यांत सगळं सामावून घेतलेलं. इथे मांडी नाही. ख्रिस्त जमिनीवर, पांढऱ्या कापडावर, आडवा पडलाय. आई त्याच्यामागे बसलीय आणि त्याला स्पर्शही करत नाही. मधलं ते अंतर बघवत नाही.

मारिया धिप्पाड आहे. खांदे रुंद, मान जाड, दंड भरलेले. व्हिएन्नाच्या अल्बेर्तिना संग्रहालयात या आकृतीसाठी मायकेलँजेलोने केलेलं रेखाटन आहे, त्यात समोर बसवलेला एक उघड्या अंगाचा पुरुष दिसतो. त्याच पुरुषाला निळा पदर चढवून सेबास्तियानोने आई केली. आणि तिचे हात. बोटं एकमेकांत गुंतवून हात छातीसमोर न धरता एका कुशीला ओढून घेतलेत. चेहरा मात्र वर, उलट्या दिशेला. प्रार्थनेची नेहमीची पोझ नाही ही. हात पिळणं आणि हात जोडणं याच्या अधलंमधलं काहीतरी. मी तसे हात करून पाहिले. कमरेपासून वर सगळा पीळ पडतो, श्वास अडकतो. आकृती कोणत्या डोक्यातून आली ते त्या पिळाने मला सांगितलं.

मग ताईने मला बाजूला ओढलं आणि म्हणाली, "आता माणसं सोड. बाकीचं बघ."

बाकीचं म्हणजे रात्र. पूर्ण चित्रावर रात्र आहे. ढगांच्या फटीत चंद्र, ढगांच्या कडा त्याने उजळलेल्या. क्षितिजावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखा तांबूस पट्टा. त्यावर पडक्या भिंती, काळी झाडं. जमीन ओसाड, खाली पाण्याचा थोडा चकाकता भाग. ख्रिस्ताच्या अंगावरचा उजेड कुठून येतो ते नीट सांगता येत नाही. तो चंद्राचा म्हणावा तर चंद्र पार मागे आहे. पण तो उजेड गार आहे, मेलेल्या कातडीचा आहे, आणि पांढऱ्या कापडावर तो निळसर होऊन उतरतो. इटालियन चित्रकलेत एवढ्या मोठ्या आकारात रात्रीचा निसर्ग याआधी क्वचितच कुणी केला असेल.

वासारीने लिहिलंय की कल्पना आणि पूर्ण आकाराचं रेखाटन मायकेलँजेलोचं, पण त्यातला काळोखी निसर्ग सेबास्तियानोचा आणि लोकांनी त्याची फार तारीफ केली. यातला पहिला अर्धा भाग पुढच्या लोकांनी पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. 'मायकेलँजेलोच्या रेखाटनात रंग भरणारा' असं त्याचं वर्णन वाचलं की माझा जीव तुटतो. एखादं भावगीत कवीचं की चाल लावणाऱ्याचं असं विचारलं तर आपण काय उत्तर देतो? शब्द आधी होते म्हणून चाल हमाली ठरत नाही. इथेही ती रात्र काढून टाका आणि दोन आकृत्या पांढऱ्या भिंतीसमोर ठेवा. पीळ उरेल, ताकद उरेल. आईच्या वाट्याला आलेलं एकटेपण उरणार नाही. ते त्या अंधारामुळे आहे.

आणि मायकेलँजेलोला हे कळत होतं. निसर्ग, झाडं, ढग यांत त्याला स्वतःला कधी रस नव्हता. सिस्टीनच्या छतावर एदेनची बाग म्हणजे एक झाड आणि दोन खडक. इतका मानी माणूस, कुणालाही जवळ न करणारा, आपलं रेखाटन उचलून एका परगावच्या तरुणाला देतो, ते त्या तरुणाकडे आपल्याजवळ नसलेलं काहीतरी दिसल्याशिवाय नव्हे.

फळीच्या मागच्या बाजूलाही कोळशाने काढलेली रेखाटनं आहेत. त्यातली काही मायकेलँजेलोची असावीत असं जाणकार मानतात. एकाच फळीच्या दोन अंगांना दोघांचे हात लागलेत ही गोष्ट मला रेखाटनाच्या देवघेवीपेक्षाही जवळची वाटते. त्यात कामाच्या जागेचा वास आहे: दोन माणसं एका खोलीत, मध्ये फळी, हातात कोळसा, काहीतरी समजावून सांगणं चाललंय.

बोतोन्तीने त्याच्याकडून नंतर आणखी एक चित्र करवून घेतलं, खांबाशी बांधलेला ख्रिस्त, 1525 चं. तेही व्हितेर्बोतच आहे. मोन्तोरिओची तीच कल्पना, माणसं कमी केलेली. चांगलं आहे, पण पिएताच्या नंतर डोळ्यांत जागा राहिली नव्हती. शेवटची गाडी पकडून रात्री रोमला आलो.

शुक्रवार, व्हॅटिकन

आज शर्यतीची दुसरी बाजू. कार्डिनल जुलिओ दे मेदिची, पुढे जो सातवा क्लेमेंट पोप झाला, फ्रान्समधल्या नार्बोनचा आर्चबिशप होता. तिथल्या कॅथेड्रलसाठी त्याने राफाएलला 'ख्रिस्ताचं रूपांतर' सांगितलं आणि लगेच सेबास्तियानोला 'लाजरसचं पुनरुत्थान', म्हणजे ख्रिस्ताने मेलेल्या लाजरसला उठवलं तो प्रसंग. एका चर्चसाठी दोन चित्रं, दोघं हाडवैरी. मायकेलँजेलोने इथेही सेबास्तियानोला रेखाटनं पुरवली. राफाएलने आपलं काम आधी दाखवल्याशिवाय मी माझं दाखवणार नाही, म्हणून मुद्दाम रेंगाळतोय, असं सेबास्तियानोने 1518 मध्ये फ्लॉरेन्सला लिहिलं. शेवटी 1519 अखेर त्याचंच आधी पुरं झालं.

राफाएल 6 एप्रिल 1520 ला वारला, वय 37. त्याचं चित्र पिनाकोतेकातल्या, म्हणजे व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयातल्या, मोठ्या अंधाऱ्या दालनात आहे. 4 मीटर उंच. खाली झटका आलेला मुलगा आणि भांबावलेले शिष्य, वर ढगांत तेजाने उचललेला ख्रिस्त. समोर बाकं आहेत, बसता येतं. मी सेबास्तियानोच्या बाजूने मनात ठाण मांडून आलो होतो, पण या चित्रापुढे बाजू घेणं होत नाही. खालच्या गुडघे टेकलेल्या बाईचा खांदा बघा, पाठीचा पीळ बघा. मायकेलँजेलोकडून राफाएलही शिकतच होता.

12 एप्रिलला दोन्ही चित्रं व्हॅटिकनमध्ये शेजारी शेजारी लावली. त्याच दिवशी सेबास्तियानोने मायकेलँजेलोला पत्र लिहिलं: बिचारा राफाएल गेल्याचं तुम्ही ऐकलंच असेल, देव त्याला क्षमा करो, आणि लगेच पुढे, व्हॅटिकनमधल्या मोठ्या दालनाचं काम आपल्याला कसं मिळेल ते पाहा. आठवडाही झाला नव्हता. हे वाचून वाईट वाटतं, पण रोममध्ये कामं अशीच मिळत होती.

मायकेलँजेलोने मग कार्डिनल बिब्बिएनाला शिफारसपत्र दिलं. त्यात म्हणतो, मी हलका, गरीब, वेडा माणूस, पण रोज कोंबडी खाऊन कंटाळलेल्याला बदल म्हणून कांदाही बरा लागतो. मित्राला कांदा म्हटलं की स्वतःला, वाचणाऱ्याने ठरवावं. कार्डिनल मंडळी पोट धरून हसली आणि काम राफाएलच्या शिष्यांकडेच गेलं. आम्ही ते कॉन्स्टन्टाइनचं दालन पाहिलं. तिथे भिंतीवर दोन स्त्री-आकृती तैलरंगातल्या आहेत, बाकी सगळं ओल्या गिलाव्यावर. म्हणजे राफाएलच्या मंडळींनीही भिंतीवर तेल वापरून पाहिलं आणि सोडून दिलं. सेबास्तियानो ते मोन्तोरिओत तडीला नेत होता.

एक गोष्ट जाता जाता: नार्बोनला फक्त लाजरस गेला. राफाएलचं चित्र रोममध्येच ठेवून घेतलं आणि ते लावलं कुठे, तर सान पिएत्रो इन मोन्तोरिओच्या मुख्य वेदीवर. नेपोलियनच्या फौजेने 1797 मध्ये उचलून पॅरिसला नेईपर्यंत ते तिथेच होतं. म्हणजे पावणेतीनशे वर्षं त्या टेकडीवर येणाऱ्याला उजवीकडे सेबास्तियानोचं रूपांतर आणि समोर राफाएलचं, अशी दोन्ही दिसायची.

शेवटी सिस्टीन. 'अंतिम निवाडा'समोर मान वर करून सगळे उभे. वासारीची हकिकत अशी की सेबास्तियानोने पोपला गळ घातली, ही भिंत मायकेलँजेलोने तेलात रंगवावी, आणि भिंतीला तसा थरही दिला गेला. मायकेलँजेलो काही महिने काहीच बोलला नाही. मग म्हणाला, तेलात रंगवणं हे बायकांचं आणि फ्रा बास्तियानोसारख्या (म्हणजे आपल्या सेबास्तियानोसारख्या) सुखवस्तू आळशी माणसांचं काम. 1536 च्या सुरुवातीला तो थर खरवडून काढला. मैत्री तिथे संपली.

मला यात सेबास्तियानोचा डाव दिसत नाही. आयुष्यभर जी गोष्ट त्याने भिंतीवर साधली ती आपल्या सगळ्यात थोर मित्राच्या सगळ्यात मोठ्या भिंतीवर व्हावी असं त्याला वाटलं असेल. ती सूचना मायकेलँजेलोच्या स्वभावात बसणारी नव्हती, एवढंच. ताईचं मत वेगळं. "पंचवीस वर्षांत त्याने मित्राला ओळखलं नाही?" एवढंच ती म्हणाली. त्यावरून आम्ही नदीपर्यंत वाद घातला.

शनिवार, रोम

सांता मारिया देल पोपोलो. कारावाज्जोच्या चॅपेलपुढे ही गर्दी. दिव्यासाठी नाणं टाकायला रांग. त्याच अंगाला किजी चॅपेल, आराखडा राफाएलचा. किजी राफाएलच्या मागोमाग पाचच दिवसांनी गेला. त्याच्या वारसांनी 1530 मध्ये वेदीवरचं 'मारियेचा जन्म' सेबास्तियानोकडे सोपवलं. त्याने ते दगडावर काढलं. पेपेरिनोवर, तैलरंगात! लाकूड वाकतं, कापड कुजतं, म्हणून दगड. ही पद्धत त्याने त्याच सुमारास शोधली होती आणि त्याचं नाव त्यामुळे दूरवर झालं होतं.

त्याआधी 1527 मध्ये रोम लुटलं गेलं. सेबास्तियानो पोपबरोबर कास्तेल सांत'अँजेलोच्या किल्ल्यात अडकला होता. 1531 मध्ये त्याने मायकेलँजेलोला लिहिलं की लुटीच्या आधीचा बास्तियानो मी उरलोय असं मला अजून वाटत नाही, माझं डोकं अजून ठिकाणावर येत नाही. त्याच वर्षी पोपने त्याला शिशाच्या शिक्क्याचा अधिकारी केलं. प्योंबो म्हणजे शिसं, नाव तिथून चिकटलं. पगार भरपूर, त्यासाठी साधूचा झगा घालावा लागला. मग तो कामचुकार झाला, खाण्यापिण्यात आणि गप्पांत रमला, असं वासारी म्हणतो. पण पत्रातलं ते वाक्य वाचलेल्या माणसाने त्याला आळशी म्हणावं?

चित्र त्याच्या हातून पुरं झालं नाही. 1547 मध्ये तो वारला, उरलेलं साल्व्हियाती नावाच्या चित्रकाराने केलं. अंत्यविधीला पुरोहित नकोत, मेणबत्त्या नकोत, तो पैसा गरिबांना द्या, असं सांगून गेला. पुरलं याच चर्चमध्ये.

सोमवार, लंडन

लंडनला भाचीकडे उतरलो. नॅशनल गॅलरी 1824 मध्ये सुरू झाली ती अँगरस्टाइन नावाच्या व्यापाऱ्याच्या संग्रहावर, आणि तिच्या यादीतला पहिला क्रमांक 'लाजरस'चा. नार्बोनहून ते ऑर्लेआंच्या ड्यूककडे गेलं आणि 1771 मध्ये लाकडावरून कापडावर उतरवलं गेलं. त्यात रंगांनी थोडं सोसलंय, मान्य. तरी पावणेचार मीटरच्या त्या चित्रापुढे आपण लहान होतो.

ताईने मायकेलँजेलोच्या रेखाटनाची छापील प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली होती. मूळ कागद ब्रिटिश म्युझियमचा. तिने ती उलगडून चित्राच्या उंचीला धरली. कागदावर लाजरस आणि त्याला सोडवणारी माणसं, एवढंच. पायाची ठेवण पुन्हा काढून पाहिलेली. चित्रात तोच लाजरस दगडी पेटीवर बसलाय, एका हाताने खांद्यावरचं कापड ओढतोय आणि एका पायाने दुसऱ्या पायावरच्या पट्ट्या ढकलतोय. चार दिवस मेलेला माणूस, आणि त्याची पहिली हालचाल म्हणजे गुंडाळलेलं अंगावरून काढायची घाई. ही मायकेलँजेलोची देणगी. ती नाकारायचं कारण नाही.

पण कागदाबाहेर केवढं आहे! नाकाला पदर लावलेल्या बायका. वासाने मागे सरलेली माणसं. ख्रिस्ताचा उचललेला हात आणि त्याच्या आसपासचे शेंदरी, गुलाबी, हिरवे, निळे रंग, प्रत्येक चेहऱ्याला वेगळा उजेड. मागे नदी, पूल, पडके अवशेष, काठावर कपडे धुणाऱ्या बायका. त्यांना या चमत्काराची खबरही नाही. आभाळात ढग दाटून आलेत. या सगळ्यासाठी रेखाटन कुणी दिलेलं नाही.

हे चित्र पुरं झालं तेव्हा सेबास्तियानोला मुलगा झाला होता, लुचियानो, आणि त्याचा धर्मपिता मायकेलँजेलो. 1519 च्या डिसेंबरच्या अखेरच्या पत्रात चित्र झालं आणि बारसं झालं या दोन्ही बातम्या एकत्र आहेत.

खाली सही आहे: सेबास्तियानुस व्हेनेतुस, म्हणजे व्हेनिसच्या सेबास्तियानोने केलं. ताई म्हणते, लाजरस आणि त्याच्या जवळची दोघं मायकेलँजेलोची, म्हणून चित्राचा कणा त्याचा. माझं म्हणणं, नदीकाठच्या त्या बायका नसत्या तर लाजरस कुठे उठला हे कळलंच नसतं. गॅलरी बंद व्हायची वेळ झाली तरी आमचं एकमत झालं नव्हतं. नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात त्याने काढलेला क्लेमेंट पोप आहे, लुटीच्या आदल्या वर्षीचा, अजून दाढी न राखलेला. त्यात मायकेलँजेलोचा काही हात नाही. पुढच्या वेळी वाद तिथे सुरू करायचा असं ठरलंय.